जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढतात म्हणजे नेमकं काय काढतात?

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सच्या कर्नलमधून (हार्डवेअर सांभाळणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्यातून) इंटेलचा जुना ३८६ प्रोसेसर कधीच गेला, आता त्याच्यानंतरच्या ४८६ ला निरोप द्यायचं ठरतंय. तो कोड लिहून झालेला आहे, चालतो आहे. मग तो तसाच पडून राहिला तर कोणाचं काय खातो? आणि ज्यांच्याकडे अशी यंत्रं अजून चालू आहेत त्यांनी काय करायचं?

खातो, आणि बरंच खातो. मात्र डिस्कवरची जागा खातो असं कोणी म्हणत असेल तर ते सोडून द्या. या विषयावरचे निम्मे वाद 'अमुक हजार ओळी कमी झाल्या' या आकड्यापाशी अडकून बसतात, आणि तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे.

३८६ चा हिशेब पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोल्नार यांनी तो काढण्याचा बदल पाठवला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून लिनक्स ३८६ वर चालेनासा झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतला तो ३८६ वरच. म्हणजे ज्या प्रोसेसरवर ही सिस्टिम जन्मली त्यालाच दार बंद. मोल्नार यांनी सोबतच्या टिपणात थोडी हळहळ व्यक्त केली होती. टोरवाल्ड्स यांनी आपण हळवे नाही, पीडा गेली, अशा अर्थाचं दोन वाक्यांचं उत्तर देऊन बदल घेतला. त्यात गेलेल्या ओळी किती? सव्वाचारशेच्या आसपास. कर्नलच्या आकारात त्या शोधूनही सापडायच्या नाहीत. मग एवढी सुटका झाल्यासारखं का वाटलं?

कारण त्या ओळी कुठे होत्या ते पाहायला हवं. ३८६ मध्ये एक विचित्र प्रकार होता. मेमरीच्या एखाद्या पानावर (मेमरी अशा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते) 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण केली, तर साधा प्रोग्राम तिथे लिहायला गेल्यावर प्रोसेसर त्याला अडवायचा. पण खुद्द कर्नल लिहायला गेला तर निमूट लिहू द्यायचा. ४८६ मध्ये इंटेलने यासाठी डब्ल्यूपी नावाचा बिट आणला. तो चालू केला की कर्नललाही तोच नियम लागतो.

हे किरकोळ वाटेल, पण युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमची अर्धी मदार या अडवण्यावर असते. एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, फोर्क होऊन तिच्या दोन झाल्या की लगेच सगळी मेमरी कॉपी करत नाहीत. दोघींना तीच पानं दाखवतात, त्यांवर 'फक्त वाचा' अशी खूण करतात, आणि कोणी लिहायला गेलं की फॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारतो, तेव्हा तेवढ्या एका पानाची कॉपी काढतात. आता समजा एका प्रोसेसने फाइल वाचायला सांगितली आणि कर्नल ती माहिती तिच्या बफरमध्ये ओततोय, पण ते पान अजून सामायिक आहे. ३८६ वर फॉल्टच येत नाही. माहिती सरळ सामायिक पानावर पडते आणि ज्या दुसऱ्या प्रोसेसचा काही संबंध नाही तिच्या मेमरीत बदल होतो. हे टाळायला कर्नलला दर वेळी लिहिण्याआधी पान हाताने तपासावं लागायचं. आणि तपासून झाल्यावर, प्रत्यक्ष लिहिण्याआधी, त्याच मेमरीवर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने काही उलटसुलट केलं तर? ती आणखी वेगळी डोकेदुखी. जुन्या कर्नलचे बूट मेसेज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सुरुवातीची एक ओळ आठवेल: हा प्रोसेसर सुपरव्हायजर मोडमध्येही (म्हणजे कर्नल चालू असतानाही) डब्ल्यूपी बिट पाळतो का ते तपासत आहे, ओके. ती ओळ याच भानगडीची होती.

त्यात भर म्हणजे ३८६ मध्ये 'कम्पेअर-एक्स्चेंज' ही इन्स्ट्रक्शन नव्हती. मेमरीतली किंमत अपेक्षेप्रमाणे असेल तरच ती बदला, आणि हे सगळं एका दमात, मधे कोणाला शिरू न देता करा, असं सांगणारी ही इन्स्ट्रक्शन. आजचं सगळं लॉकिंग, म्हणजे एकाच माहितीवर दोघांना एकदम हात घालू न देणं, हिच्यावर उभं आहे. ग्लिबीसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचे नवे पॉसिक्स थ्रेड आले तेव्हा त्यांनाही किमान ४८६ लागायचा, म्हणजे वरचं जग ३८६ ला कर्नलच्या बरंच आधी सोडून गेलं होतं.

एकूण परिस्थिती अशी होती. मेमरी व्यवस्थापनात किंवा लॉकिंगमध्ये कोणी काहीही सुधारायला घेतलं की 'पण ३८६ वर काय?' याचं उत्तर आधी द्यावं लागे. बदल लिहिणाऱ्याकडे ३८६ नाही, तपासणाऱ्याकडे नाही, चाचण्या चालवणाऱ्या सर्व्हरांमध्ये नाही. उत्तर कागदावर बरोबर आहे की नाही एवढंच पाहायचं आणि पुढे जायचं. ओळी चारशेच, पण भर रस्त्यात आडव्या पडलेल्या.

४८६ बाजारात आला १९८९ मध्ये, पेंटियम १९९३ मध्ये, आणि एम्बेडेड वापरासाठी इंटेल ४८६ बनवत राहिली ती थेट २००७ पर्यंत. म्हणून 'पस्तीस वर्षांपूर्वीची वस्तू' हे म्हणणं पूर्ण खरं नाही. काही यंत्रांतला ४८६ त्याहून बराच तरुण आहे. पण वयाने तरुण असला तरी त्याच्याकडे पेंटियमच्या दोन गोष्टी नाहीत, आणि कर्नलवाल्यांचा सगळा रोख त्या दोन गोष्टींवर आहे.

पहिली, आठ बाइटची कम्पेअर-एक्स्चेंज. ४८६ वरची कम्पेअर-एक्स्चेंज चार बाइटपर्यंतच जाते. कर्नलमध्ये ६४ बिटी मोजणी, वेळ, पेज टेबलच्या नोंदी अशा बऱ्याच गोष्टी एका दमात बदलाव्या लागतात. ज्या प्रोसेसरवर ही सोय नाही तिथे कर्नल इंटरप्ट (मधेच काम थांबवणारे हार्डवेअरचे इशारे) बंद करतो, साध्या इन्स्ट्रक्शननी काम उरकतो आणि इंटरप्ट पुन्हा चालू करतो. एकच कोअर असल्यामुळे हे खपून जातं. पण त्यासाठी बूट होताना 'हा प्रोसेसर कोणता' ते ओळखून चालू कोडमध्येच योग्य तुकडा चिकटवणारी यंत्रणा सांभाळावी लागते. आणि हा पर्यायी तुकडा आज जगातल्या बहुतेक कर्नल डेव्हलपरांच्या मशीनवर एकदाही चालत नाही. जो कोड कधी चालतच नाही तो बरोबर आहे असं छातीठोकपणे कोणी सांगावं?

दुसरी, टीएससी. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्यासरशी पुढे सरकणारा हा काउंटर. एका इन्स्ट्रक्शनमध्ये वाचता येतो. तो नसेल तर वेळ मोजायला मदरबोर्डवरचा जुना टायमर उरतो. तो सेकंदाला ११,९३,१८२ वेळा सरकतो, आणि त्याला विचारायचं म्हणजे आय-ओ पोर्टवरून जायचं, जे प्रोसेसरच्या मानाने फारच संथ आहे. पण वेळेपेक्षा मला जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे रँडम आकडे. बूट झाल्या झाल्या पुरेशी अनिश्चितता गोळा झाली नसेल तर ५.४ पासूनचा कर्नल टीएससीच्या ठोक्यांमधली सूक्ष्म थरथर वापरून ती तयार करतो. काउंटरच नसेल तर तो प्रयत्नच सोडून देतो. मग एसएसएचच्या (दूरवरून सुरक्षित लॉगिनच्या) किल्ल्या बनवायला बसलेला प्रोग्राम डिस्क किंवा कीबोर्डच्या हालचालीची वाट पाहत ताटकळतो, आणि समोरच्याला वाटतं मशीन हँग झालं. 'चालतं' आणि 'नीट चालतं' यात हा फरक असतो.

तिसरी गोष्ट सगळ्या ४८६ ना लागू नाही. ४८६एसएक्स या स्वस्त प्रकारात अपूर्णांकी गणिताचं युनिट वापरायला मिळत नसे. ती गणितं सॉफ्टवेअरमध्ये करून देणारा एक मोठा एम्युलेटर कर्नलमध्ये आहे. २०२५ मध्ये मोल्नार यांनी ४८६ काढण्याची पॅचमालिका चर्चेसाठी मांडली तेव्हा सुमारे १४,००० ओळी जाणार असा आकडा सगळीकडे फिरला. त्यातला मोठा वाटा या एम्युलेटरचा. म्हणजे पाहा, आकडा ज्या भागामुळे फुगला तो भाग एका कोपऱ्यात शांत बसलेला होता. खरा त्रास देणारे तुकडे ओळींच्या हिशेबात नगण्य होते. म्हणूनच ओळींच्या आकड्याला निरुपयोगी म्हटलं.

टोरवाल्ड्स यांनी हा विषय २०२२ मध्येच काढला होता. ही मशीन आता संग्रहालयातल्या वस्तू आहेत, तर त्यांनी संग्रहालयातले कर्नल चालवावेत, असा त्यांचा सूर होता. २०२५ मध्ये त्यांनी आणखी स्पष्ट सांगितलं की यावर कोणाचा एक सेकंदही खर्च व्हायचं कारण नाही. पेंटियम मात्र यातून वाचतो, कारण त्याच्याकडे दोन्ही सोयी आहेत. पेंटियमच्या काळातले पण या सोयी नसलेले सिरिक्स ६एक्स८६ सारखे प्रोसेसर ४८६ बरोबर जातात.

आता एक गोष्ट, जी या वादात फार कमी लोक लक्षात घेतात. मोटोरोलाचा ६८०२० हा १९८४ चा, म्हणजे ४८६ पेक्षा पाच वर्षांनी म्हातारा. अमिगा, अटारी, जुने मॅकिंटॉश यांच्या ६८००० मालिकेचा सपोर्ट लिनक्समध्ये अजून आहे आणि तो काढा म्हणून कोणी मागे लागलेलं नाही. उलट इंटेलने आपला शेवटचा इटॅनियम हा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर २०२१ मध्ये पाठवला, आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत लिनक्समधून तो बाहेर. म्हातारा राहिला आणि तरुण गेला.

असं का? दोन कारणं, दोन्ही वयाशी संबंध नसलेली. ६८००० मालिकेचा कोड त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत राहतो. तो बिघडला तर त्याचाच बिघडतो, बाकीच्यांच्या वाटेत येत नाही. ४८६ चं तसं नाही. त्याच्या अडचणी एक्स८६ च्या, म्हणजे इंटेल-एएमडीच्या या सगळ्या प्रोसेसर-घराण्याच्या, सामायिक कोडमध्ये विणलेल्या आहेत, जो कोड जगभरातले सर्व्हर आणि लॅपटॉप चालवतो. आणि दुसरं, ६८००० मालिकेला वर्षानुवर्षं टिकून असलेला मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा माणूस, आहे, नवी आवृत्ती आली की खऱ्या मशीनवर चालवून पाहणारे हौशी लोक आहेत. काही मोडलं तर तक्रार येते आणि तक्रारीबरोबर बऱ्याचदा दुरुस्तीही येते. इटॅनियमचे चाहते होते, नाही असं नाही. काढायची वेळ आल्यावर ते बोललेही. पण चाहते असणं वेगळं आणि दर आवृत्तीला बूट करून निकाल कळवणं वेगळं.

याच कारणाने २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत एका फटक्यात आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरची घराणी) गेली: ब्लॅकफिन, क्रिस, टाइल आणि इतर. मिळून साडेचार लाखांहून अधिक ओळी. त्यातली बरीचशी १९९० नंतरची, म्हणजे आपल्या हिशेबात तरणीताठी. ज्या कंपन्यांनी ती लिनक्समध्ये आणली त्यांनी स्वतःच पाठ फिरवली होती आणि चालवून पाहणारं कोणी उरलं नव्हतं. एच८-३०० या प्रोसेसरची गंमत तर वेगळीच. तो आधी काढला, मग कोणीतरी जबाबदारी घेतली म्हणून ४.२ मध्ये परत आला, आणि पुन्हा कोणी लक्ष देईना म्हणून २०२२ मध्ये ५.१९ मधून पुन्हा गेला. काढलेला कोड जाळून टाकत नाहीत. गिटच्या, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात तो जसाच्या तसा असतो. परत आणायला माणूस लागतो, एवढंच.

हार्डवेअरनेच भाषेचे नियम पाळायला नकार दिला तर काय होतं, त्याचं उदाहरण डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचं. १९९२ च्या पहिल्या अल्फाला मेमरीत एकटा बाइट लिहिताच यायचा नाही. कमीत कमी चार बाइट उचलायचे, त्यातला हवा तो बदलायचा, चारही परत ठेवायचे. शेजारच्या तीन बाइटपैकी एखादा त्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरने बदलला असेल तर त्याचा बदल पुसला जातो, कुठलाही आवाज न करता. आजच्या सी भाषेचा नियम सांगतो की शेजारी-शेजारी असलेल्या दोन स्वतंत्र चलांनी एकमेकांना धक्का लावता कामा नये. १९९६ च्या ईव्ही५६ या अल्फामध्ये बाइट लिहिण्याच्या इन्स्ट्रक्शन आल्या. २०२४ च्या ६.१० मध्ये लिनक्सने त्याआधीचे अल्फा सोडले आणि नंतरचे ठेवले. मला हा निर्णय आदर्श वाटतो. सबंध आर्किटेक्चर न काढता, जिथे बरोबर चालण्याची हमी देताच येत नाही तेवढाच भाग कापला.

'सपोर्ट आहे' हे एक आश्वासन असतं. कोणी तपासत नसताना ते देत राहणं म्हणजे वापरणाऱ्याची फसवणूक, आणि ती त्याला कळते तीही डेटा बिघडल्यावर.

असो. कर्नलबद्दल एवढा वाद होतो, पण प्रत्यक्षात जुन्या मशीनला आधी सोडून जातो तो कर्नल नव्हेच. आधी कम्पायलरच्या सेटिंग बदलतात, मग डिस्ट्रो (डेबियन, फेडोरासारखे लिनक्सचे तयार संच), मग ब्राउझर. डेबियनने जेसी आवृत्तीत ४८६ सोडला आणि स्ट्रेचमध्ये, म्हणजे २०१७ ला, ५८६, म्हणजे पेंटियमची पिढीही. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीला लांब नो-ऑप ही इन्स्ट्रक्शन लागते, जी काहीही करत नाही तरी ती नसलेला एएमडीचा जिओड एलएक्स तिच्यावर अडतो. २०२५ च्या ट्रिक्सीत तर ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि अधिकृत कर्नलही नाही. फेडोराने ३२ बिटी एक्स८६ कर्नल २०१९ मध्ये थांबवला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्स-घराण्यातल्या सिस्टिमने १५ व्या आवृत्तीत तेच केलं. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्ये सोडलं, फायरफॉक्सने १४४ नंतर. रस्ट भाषेत लिहिलेलं काही वापरायचं तर तिचं नेहमीचं ३२ बिटी लक्ष्य पेंटियम ४ गृहीत धरतं, कारण एसएसई२ हा गणिताच्या इन्स्ट्रक्शनचा संच तिथपासून आहे.

यात एक गोंधळ नेहमी होतो, तो इथेच मिटवून टाकू. ३२ बिटी मशीन सोडणं आणि ३२ बिटी प्रोग्राम सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६४ बिटी कर्नल ३२ बिटी प्रोग्राम आनंदाने चालवतो. २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिटी पॅकेज पूर्ण बंद करतो म्हटल्यावर स्टीम (गेमचं ऑनलाइन दुकान) आणि वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की निवडक पॅकेज ठेवावी लागली. २०२५ मध्ये फेडोरात तसाच प्रस्ताव आला आणि मागे घेतला गेला. जुने गेम वाचवायला लोक धावून येतात, जुनी मशीन वाचवायला येत नाहीत. याचा राग धरण्यात अर्थ नाही, पण नोंद घेण्यासारखं आहे.

विंडोजची तुलना बरेच जण करतात. विंडोज एनटी ४ ने ३८६ सोडला तो १९९६ मध्ये, लिनक्सच्या सोळा-सतरा वर्षं आधी. एक्सपीला पेंटियम लागायचा, आणि कारण तेच, आठ बाइटची कम्पेअर-एक्स्चेंज. ६४ बिटी विंडोज ८.१ ने सोळा बाइटची मागितली आणि सुरुवातीचे ६४ बिटी एएमडी प्रोसेसर बाहेर पडले. एकच इन्स्ट्रक्शन, दुप्पट रुंद, पुन्हा तीच कथा. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे.

समजण्यासारखं नाही ते २०१८ चं. मार्च महिन्याच्या अपडेटनंतर विंडोज ७, एसएसई२ नसलेल्या मशीनवर, म्हणजे पेंटियम ३ वगैरेंवर, कोसळू लागलं. मायक्रोसॉफ्टने आधी दुरुस्तीचं काम चालू असल्याचं लिहिलं आणि काही महिन्यांनी तो मजकूर बदलून एसएसई२ असलेला प्रोसेसर घ्या असं सांगितलं. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० पर्यंत मिळणार होते. चालू असलेल्या सपोर्टच्या मधेच किमान अट वाढवायची, तीही अपडेट मोडल्यावर सांगायची, याला सपोर्ट काढणं म्हणत नाहीत. त्यापेक्षा लिनक्सवाल्यांचं रोखठोक बोलणं परवडलं. निदान वर्षं-दोन वर्षं आधी कानावर तरी येतं.

विंडोज ११ चा प्रकार आणखी वेगळा. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलची साधारण आठवी पिढी हवी, ही अट बहुतांशी धोरणाची होती, हार्डवेअरची असमर्थता नव्हती. सातव्या पिढीवर वळसा घालून लोकांनी ते चालवून दाखवलंच. २४एच२ आवृत्तीला पॉपकाउंट आणि एसएसई४.२ लागतं ही मात्र खरी तांत्रिक अट, कारण त्या इन्स्ट्रक्शन नसतील तर कुठलाही वळसा चालत नाही. हा भेद लक्षात ठेवा. एखाद्या प्रोसेसरला नकार मिळाला की पहिला प्रश्न विचारावा: चालू शकत नाही, की चालवायचं नाही? ३८६ आणि ४८६ च्या बाबतीत उत्तर मधलं आहे. चालू शकतात, पण त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांनी वाकडी वाट करावी लागते.

आणि हे फक्त पुराणवस्तूंबद्दल आहे असं समजू नका. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स १० ला, जी २०२५ मध्ये आली, एव्हीएक्स२ (आणखी नव्या इन्स्ट्रक्शनचा संच) लागतं. इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आहे. त्याआधीचे भरभक्कम सर्व्हर एका आवृत्तीत बाहेर. अल्मालिनक्सने त्याच आवृत्तीची जुन्या पातळीसाठी वेगळी बांधणी दिली, म्हणजे गरज आहे तिथे कोणीतरी काम उचलतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

आधी मशीनमध्ये काय आहे ते पाहा, कारण मॉडेलच्या नावावरून अंदाज चुकतात. लिनक्स चालू असेल तर प्रॉक डिरेक्टरीतली सीपीयूइन्फो फाइल उघडा आणि फ्लॅग्सची ओळ वाचा. सीएक्स८ (आठ बाइटची कम्पेअर-एक्स्चेंज) आणि टीएससी दिसले तर ४८६ च्या वादाशी तुमचा संबंध नाही. सीमूव्ह असेल तर ६८६, म्हणजे पेंटियमच्या पुढची पिढी, समजायला हरकत नाही, जिओडसारखे अपवाद सोडून. त्यानंतर एसएसई२ बघा. आणि एलएम दिसलं तर मशीन ६४ बिटी आहे. 'माझं जुनं मशीन ३२ बिटी आहे' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मशीनमध्ये हा फ्लॅग सापडतो. कोणीतरी कधीकाळी ३२ बिटी सिस्टिम टाकली आणि तीच चालत राहिली. ६४ बिटी सिस्टिम टाका, विषय संपला. एकच खाचखळगा: काही अ‍ॅटम टॅबलेट आणि छोट्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४ बिटी पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) ३२ बिटी असतं. त्यांना ३२ बिटी बूटलोडरसह येणारा इन्स्टॉलर शोधावा लागतो.

हौस म्हणून ४८६ बाळगणाऱ्यांचं मला फारसं वाईट वाटत नाही, खरं सांगायचं तर. १६ एमबी रॅमच्या मशीनवर आजचा डिस्ट्रो तसाही चालत नाही. त्याचा नुसता दाबून बसवलेला कर्नलच दहा एमबीच्या आसपास असतो. जो आज ४८६ वर नवा कर्नल चालवतो तो स्वतः छाटून, स्वतः कम्पाइल करून चालवतो. त्याला ६.१२ सारख्या दीर्घकालीन आवृत्तीवर थांबायला काहीच अडचण नाही. त्यापुढे नेटबीएसडी आहे. त्यांनी ३८६ सोडला पण ४८६ सांभाळला, आणि व्हॅक्स अजून चालवतात.

खरी काळजी उद्योगातल्या यंत्रांची. कापणी यंत्राचा किंवा मोजमापाच्या उपकरणाचा कंट्रोलर, आत ४८६ वर्गाचा प्रोसेसर, आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये एक कार्ड ज्याचा ड्रायव्हर दुसऱ्या कशावर चालत नाही. इथे नवा कर्नल टाकायचा हट्ट धरू नका. ते मशीन ज्या सॉफ्टवेअरवर चालतंय त्यावरच गोठवा आणि नेटवर्कपासून तोडा. माहिती बाहेर काढायची असेल तर मधे एक आजचं छोटं मशीन ठेवा. जुन्याशी ते सीरियल पोर्टने बोलेल आणि बाहेरच्या जगाशी फक्त तेच बोलेल. जुनं आहे म्हणून सुरक्षित, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींपुरता तो खराही आहे, कारण ४८६ पुढच्या इन्स्ट्रक्शन अंदाजाने आधीच चालवून पाहतच नाही. पण ज्याचा एसएसएच सर्व्हर वीस वर्षं जुना आहे त्याला मेल्टडाउनची गरज कोणाला पडते?

गोठवणे म्हणजे विसरणे नव्हे. डिस्कची पूर्ण इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा. बायोसच्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढा, कारण बॅटरी संपल्यावर डिस्कचे सिलिंडर-हेड कोणाला आठवत नाहीत. ज्या कम्पायलरने तो कर्नल आणि प्रोग्राम बनवला तो कम्पायलर, सोर्ससकट, इमेजशेजारी ठेवा. हे शेवटचं काम लोक हमखास टाळतात. मग एक ओळ बदलायची वेळ आली की कळतं, आजचा जीसीसी कम्पायलर तो कोड घेतच नाही.

नवीन यंत्र विकत घ्यायचं असेल आणि त्यात ५८६ वर्गाचा एम्बेडेड प्रोसेसर असेल, तर विक्रेत्याला कर्नलची आवृत्ती आणि ती कोण किती वर्षं सांभाळणार ते लेखी विचारा. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प निवडक कर्नल दहा वर्षं सांभाळतो, पण विक्रेत्याचं हार्डवेअर त्याच्या कक्षेत येतं का हे त्यालाच सांगावं लागेल. शिवाय ३२ बिटी वेळेचा प्रश्न विचारा. सेकंद मोजणारा तो ३२ बिटी काउंटर १९ जानेवारी २०३८ ला भरतो. कर्नलची बाजू ५.६ पर्यंत तयार झाली, मसल या दुसऱ्या सी लायब्ररीची १.२ मध्ये, ग्लिबीसीत मात्र प्रोग्राम पुन्हा कम्पाइल करताना ते वेगळं मागावं लागतं. डेबियनने ट्रिक्सीत बाकीची ३२ बिटी आर्किटेक्चर बदलली आणि ३२ बिटी एक्स८६ तसंच ठेवलं, कारण तिथे जुने बायनरी चालणं हाच मुद्दा होता. म्हणजे आज बसवलेलं ३२ बिटी एक्स८६ यंत्र पंधरा वर्षं चालवायचा बेत असेल तर ही तारीख मधे येते.

आणि एखाद्या जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट टिकावा असं मनापासून वाटत असेल, तर मेलिंग लिस्टवर 'कृपया काढू नका' असं लिहून उपयोग होत नाही. कर्नलची पहिली आरसी (चाचणीची) आवृत्ती आली की ती खऱ्या मशीनवर बूट करा. एम्युलेटरवर नको, त्यात टायमरच्या आणि बसच्या खोड्या दिसत नाहीत. बूट लॉग, प्रोसेसरचं नाव, वापरलेली कॉन्फिग फाइल पाठवा. काही मोडलं असेल तर बायसेक्ट करून, म्हणजे दर वेळी मधली आवृत्ती चालवून शोध निम्म्यावर आणत, कोणत्या कमिटने (बदलाने) मोडलं ते सांगा. ४८६ वर कर्नल कम्पाइल करत बसू नका, वेगवान मशीनवर क्रॉस कम्पाइल करून फक्त इमेज हलवा, नाहीतर पुढची आरसी येईपर्यंत पहिली बायसेक्ट पायरीच चालू असेल.